मोह पडायच्या आधी जा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातल्या पाड्यांवर जुन्या माणसांच्या आठवणी नोंदवायचं काम तू घेतलंस, हे ऐकून फार आनंद झाला. १९६९ साली अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज साठी ओलांडून गेलंय. त्याआधीचं रान कळत्या वयात पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून घाई कर. पण ही घाई पाड्यावर दाखवू नकोस.

पहिल्यांदा मी सरकारी जीपमधून उतरलो होतो. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली आणि एकजात म्हणाली, ‘जंगल सरकारचं.’ मी तेच लिहून आणलं. दोन वर्षांनी त्याच पाड्यावर पायी गेलो, रात्री मुक्काम केला, तेव्हा त्याच माणसांनी नाल्यानाल्याचं नाव घेऊन कोणाची गुरं कुठे चरायची ते सांगितलं. माझी पहिली वही खोटी नव्हती. ती जीपला दिलेली उत्तरं होती. तू फैजपूरकडून केळीचे मळे ओलांडून वर चढशील तेव्हा शेवटचा टप्पा चालत जा.

‘इतिहास सांगा’ असं म्हणू नकोस. जागांची नावं विचार. लंगडा आंबा, जामन्या ही नावं नकाशावर आहेत. नकाशावर नसलेली त्याच्या कितीतरी पट निघतील. एकाच नावाची गोष्ट तीन घरी ऐक. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर तिन्ही लिही, निवाडा करू नकोस. आणि पावरी, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची बोली, बोलणाऱ्या आजीचं बोलणं लगेच प्रमाण मराठीत घालू नकोस. आधी तिच्या शब्दांत लिही, अर्थ खाली.

मोहाच्या झाडाचं उदाहरण देतो. मार्चअखेर फुलं पडायला लागतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून कधी वणवा लागतो. वनरक्षकाला फक्त आग दिसते. एका पहाटे एक आजी मला झाडं दाखवत हिंडली: हे सासूचं, हे जावेचं, हे भावाच्या लेकीला दिलेलं. वेचता वेचता बोलत होती, टोपली भरली तरी थांबली नाही. कोणतं झाड कोणाचं हे एकदा समजलं की कोणाशी बोलायचं ते ठरतं, आणि जाळण्याऐवजी पाला झाडून घेण्याचं बोलणं त्या घराशीच करता येतं. आपल्या कामाचा उपयोग होतो तो असा, अहवालाच्या जाडीनं नव्हे.

कायदा नीट वाचून जा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपवावे लागतात. खानदेशात राष्ट्रीय उद्यान नाही, म्हणून इथे अजून बोलायला जागा आहे. जंगलात राहणाऱ्यांना कसत्या जमिनीवरचा हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा धरलं जातं, फक्त तो ज्येष्ठ स्वतः दावेदार नसावा. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा दाखवावा लागतो. म्हणजे तुझी वही कुणाच्या शेताचा आधार होऊ शकते. सन विचारून मिळणार नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात घर कुठे होतं?’ असं विचार, सन आपोआप सापडेल.

तीच वही घात करू शकते, हेही ध्यानात ठेव. नेवाड, म्हणजे जंगल तोडून केलेलं शेत, कुणी कधी काढलं, कुणी काय मारलं, कोणती मुळी कुठे सापडते, हे विश्वासानं सांगितलं जाईल. अशा वेळी रेकॉर्डर बंद कर, आणि बंद केलाय हे त्यांना दिसू दे. परवानगीचा कागद अंगठ्यापुरता ठेवू नकोस. आवाज कुठे जाणार, कोण ऐकणार, हे त्यांच्या बोलीत सांग. नको म्हणाले तर पुसून टाक. मी एकदा पुसलं नाही, आणि ते घर मला कायमचं बंद झालं. त्याची सल आजही आहे.

नोंद झाली की परत जाऊन ऐकव. त्या आजीला मी तिचा आवाज ऐकवला, तेव्हा नातू शेजारी बसला होता. तिनं मध्येच हात वर करून थांबवलं; दोन नाल्यांची नावं माझ्या वहीत उलटी पडली होती. नातवानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः दुरुस्त केली. ती वही तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. होळीच्या आधी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका