झेडपीतून हायस्कूलला गेलेली मुलगी रोज रडते, शाळा बदलू का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा आमच्या घरातला जून-जुलै आठवला. तुमच्या लेकीची सातवीपर्यंत गावातली झेडपीची शाळा, आठवीला तालुक्याचं हायस्कूल आणि तेही सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. महिना झाला तरी लेक सकाळी रडते, पोट दुखतं म्हणते. म्हणून दाखला काढून जवळच्या मराठी माध्यमात घालावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणाल तर दिवाळीपर्यंत दाखल्याचा विषयच काढू नका. आधी संध्याकाळी तिची पाण्याची बाटली बघा.

आमच्या मुलीचंही असंच पोट दुखायचं. ओवा झाला, डॉक्टर झाले, घरात सगळे म्हणायला लागले की नाटकं करते. एक दिवस दप्तर आवरताना बाटली हातात आली, तर सकाळी भरून दिली तशीच, गळ्यापर्यंत. जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं. मुलींच्या टॉयलेटच्या दाराला कडी नव्हती आणि मधल्या सुट्टीत तिथे नववी-दहावीच्या मुलींची गर्दी. सकाळी साडेनऊला घर सोडलेली पोर संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मी आणखी दोघी आयांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटले. कडी बसायला आठ दिवस गेले, तोवर वर्गातल्या एका मुलीशी तिने ठरवून घेतलं की एकीने दाराशी उभं राहायचं. पोटदुखी थांबली. या वयात पाळीचंही असतं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड ठेवा, आणि अडचण आली तर कोणत्या मॅडमकडे जायचं ते तिला आधीच सांगून ठेवा.

आता सेमी. 'मला काहीच येत नाही' असं ती म्हणते ना, ते खरं नाही. आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा. परिमेय संख्या तिच्या सातवीत झाल्यात. पण सर फळ्यावर 'रॅशनल नंबर्स' लिहितात आणि मुलांना वाटतं, हे काहीतरी नवीनच आलं. आम्ही एक वही केली. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी : शिरोबिंदू - व्हर्टेक्स, छेदिका - ट्रान्सव्हर्सल, मध्यगा - मीडियन. बालभारतीच्या साइटवर दोन्ही माध्यमांची पुस्तकं फुकट मिळतात, दोन्हीत तेच धडे त्याच क्रमाने आहेत. रात्री जेवणं झाली की उद्याच्या धड्यातले पाच-सहा शब्द, बस. माझं इंग्रजी बेताचं, तरी एवढं मला करता आलं. तिसऱ्या महिन्यात ती स्वतःच वही लिहायला लागली. मार्कांची घाई मात्र करू नका, पहिल्या चाचणीत कमी पडतीलच.

पण मुलं आतून खचतात ती दुसऱ्याच कारणाने, असं मला वाटतं. झेडपीत गुरुजींना तिचं घर माहीत, आजी माहीत. परिपाठ तीच घ्यायची. इथे तासागणिक वेगळे सर, वर्गात साठ मुलं, आणि तिचं नाव कुणाला माहीत नाही. म्हणून वर्गशिक्षकांना एकदा भेटाच. तक्रार घेऊन जाऊ नका, तिला काय चांगलं येतं ते सांगा. मी सांगितलं होतं की हिचं अक्षर सुंदर आहे. पुढच्या सोमवारपासून फळ्यावर सुविचार लिहायचं काम मॅडमनी तिला दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने दप्तर खाली ठेवायच्या आधी मला हातावरचा खडू दाखवला.

शेवटचं, ती वडापने जाते असं तुम्ही लिहिलंय. कोंबून भरलेल्या जीपमध्ये तेरा वर्षांच्या मुलीला काय सोसावं लागत असेल, हेही एकदा तिला शांतपणे विचारा. एसटी सोयीची असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायचा पास फुकट आहे. त्याला शाळेचा सही-शिक्का लागतो, तर मुख्याध्यापकांना भेटायला जाल त्याच फेरीत तेही काम उरकून घ्या.