चौकात स्मारक उभं राहिलं की त्या भागाची ओळख खरंच बदलते का?

तुमच्या गावात नगरपालिका मुख्य चौकात मोठं स्मारक उभारणार आहे, त्याने त्या भागाला 'नवी ओळख' मिळेल असं सगळे म्हणतायत, आणि हे खरंच होतं का असा तुमचा प्रश्न आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं मुंबईच्या फोर्टमध्ये गेली. तिथे एकाच महात्मा गांधी रस्त्यावर, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, काळा घोडा आणि हुतात्मा चौक आहेत. मला जे कळलंय ते या दोन जागांमुळे. ओळख बदलते, पण स्मारक कुणाचं आहे यापेक्षा लोक तिथे कशासाठी येतात, यावर ती जास्त अवलंबून असते.

काळ्या घोड्याचं आधी सांगतो. तो घोडा एकटा नव्हता, त्याच्यावर स्वार होता. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी हा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. मुंबईकरांनी राजाकडे फारसं लक्ष दिलं नाही, घोडा मात्र मनात धरला आणि त्या भागालाच 'काळा घोडा' म्हणायला लागले. १९६५ मध्ये पुतळा तिथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुढची पन्नासहून जास्त वर्षं त्या जागी ना घोडा होता ना राजा. चौकात गाड्या उभ्या राहायच्या, आणि तरीही टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' एवढं म्हटलं की पुरायचं.

असं का झालं असेल? घोड्याभोवती माणसांना थांबायला कारणं होती. डेव्हिड ससून ग्रंथालय होतं, एल्फिन्स्टन कॉलेज होतं, समोर वस्तुसंग्रहालय होतं. १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली आणि चित्रकारांना हक्काची जागा मिळाली. ज्यांना आतला हॉल परवडत नव्हता किंवा ज्यांची पाळी लवकर येत नव्हती, ते बाहेर फुटपाथवर चित्रं मांडायला लागले. पाच वाजता ऑफिस सुटल्यावर गॅलरीत चक्कर टाकायची, पैसे पडत नाहीत, कुणी हटकत नाही, ही सवय माझ्यासारख्या कितीतरी कारकुनांना तिथेच लागली. चित्र म्हणजे काय हे मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, जहांगीरच्या भिंतींसमोर उभा राहून शिकलो, आणि त्या जागेचे माझ्यावर उपकार आहेत. १९९९ पासून दरवर्षी कला महोत्सव भरायला लागला तेव्हा त्याला नाव शोधावं लागलं नाही. २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला, या वेळी स्वाराशिवाय. स्वार कुणालाच नको होता, हे मला फार योग्य वाटतं. स्मारक ही एक खुंटी होती, त्या भागाने तिच्यावर आपलं सगळं आयुष्य टांगलं.

हुतात्मा चौकाची गोष्ट याहून वजनदार आहे. ती मला जास्त जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या जागी पूर्वी मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. शिखरावर फ्लोरा ही रोमन देवता आहे. कारंजं मुळात राणीच्या बागेसाठी होतं, पण शेवटी आलं इथे. मग भोवती हायकोर्ट, विद्यापीठ, तारघर, बँका अशा इमारती येत गेल्या. ट्रामच्या काळात तर फाउंटन म्हणजे शहराचा मोठा नाकाच होता. ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. अलीकडे कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. दगडावर वर्षानुवर्षं थापलेले रंगाचे थर काढून २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं, ते पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. सुंदर आहे. पण नुसत्या कारंज्यावर थांबला असता तर फोर्ट हा साहेबाने वसवलेला, पेढ्यांचा आणि कचेऱ्यांचा एक देखणा भाग एवढाच राहिला असता.

२१ नोव्हेंबर १९५५ ने ते बदललं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात होती आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचं घाटत होतं. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. आदल्याच दिवशी चौपाटीवर त्यांची आणि स. का. पाटलांची सभा लोकांनी उधळून लावली होती. २१ तारखेला कामगारांनी संप केला आणि मोर्चा विधानसभेकडे निघाला. विधानसभा तेव्हा आजच्या जागी नव्हती, ती रीगल सिनेमाजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. त्या इमारतीत आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. फाउंटन हा त्या वाटेवरचा मोठा चौक, पोलिसांनी लोकांना तिथे अडवलं आणि गोळीबार झाला. मोर्चा पुढे गेला असता तर महात्मा गांधी रस्त्याने काळ्या घोड्यावरूनच गेला असता, आणि तेव्हा राजा अजून घोड्यावर बसलेला होता.

पंडित नेहरूंनी जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहरात पुन्हा गोळ्या चालल्या. आपण सगळे '१०५ हुतात्मे' म्हणत मोठे झालो. नंतर यादीत आणखी नावं आली. १ मे १९६० ला राज्य झालं, चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं आणि पुढे तिथे स्मारक उभं राहिलं. स्मारकावर मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. पुढाऱ्याचा पुतळा नाही. आंदोलनात अत्रे होते, डांगे होते, एस. एम. जोशी होते, सेनापती बापट होते, पण चबुतऱ्यावर नाव नसलेली माणसं चढली. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्मारकांपेक्षा मला हे मोठं वाटतं ते यासाठी.

आता हे बघा, हा शेतकरी आणि हा कामगार फोर्टमध्ये कधीच राहत नव्हते. कामगार लालबाग-परळच्या चाळीत राहायचा, शेतकरी तर घाटावर आणि कोकणात. फोर्टच्या इमारतींवर ज्यांची नावं कोरलेली आहेत त्यांत हे नव्हते. स्मारकाने पहिल्यांदा असं सांगितलं की या भागावर तुमचाही हक्क आहे, कारण तुम्ही इथे रक्त सांडलंय. माझे वडील गिरणीत होते. ते फोर्टात क्वचित यायचे, आले की चप्पल काढून स्मारकाला नमस्कार करायचे आणि मग कामाला लागायचे. त्यांच्यासाठी तो भाग बँकांचा नव्हता, त्यांच्या माणसांचा होता. एखाद्या भागाची ओळख बदलणं म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन.

एक गोष्ट मात्र मला खुपते. १ मे आणि २१ नोव्हेंबरला मानवंदना होते, पुष्पचक्रं वाहिली जातात. बाकीचे दिवस चारही बाजूंनी गाड्या धावत असतात आणि चर्चगेटकडे निघालेल्या माणसाला मधे थांबायला काही कारण नसतं. पूर्वी फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे, त्या निमित्ताने तरी लोक रेंगाळायचे. महापालिकेच्या कारवायांनंतर ते विक्रेते बरेच कमी झाले. मोर्च्यांना आता आझाद मैदानात थांबवतात. म्हणजे ज्या चौकाची ओळख मोर्च्यामुळे झाली तिथे मोर्चाही येत नाही. बसायला चार बाक असावेत, मोर्चा कुठून आला आणि कुठे निघाला होता ते ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं, शाळांच्या सहली वस्तुसंग्रहालय बघून तशाच चालत इथवर याव्यात, असं मला मनापासून वाटतं. काळ्या घोड्याच्या चौकात हजारो लोक येतात, त्यातले थोडे तरी आणखी काही मिनिटं चालून इथे यायला हवेत.

तेव्हा तुमच्या नगरपालिकेच्या बैठकीला जाणार असाल तर पुतळ्याच्या उंचीवर वाद घालू नका. तिथे आज कोण बसतं ते विचारा. भाजीवाल्या, रिक्षावाले, वडाखालची म्हातारी माणसं यांना स्मारकाच्या नावाखाली हलवणार असतील तर विरोध करा, कारण ती माणसं गेली की चौक वाहनांपुरता उरतो. रेलिंग किती उंच आहे, पायऱ्यांवर बसता येईल का, संध्याकाळी दिवे असतील का, शेजारी वाचनालयाला किंवा शाहिरीच्या कार्यक्रमाला जागा ठेवली आहे का, हे नकाशावर बघून घ्या. आणि ज्यांचं स्मारक आहे त्यांची गोष्ट तुमच्या गावाशी नेमकी कुठे जोडलेली आहे ते दगडावर मराठीत, सहावीतल्या मुलाला कळेल असं लिहून घ्या. हे काम शिल्पकारावर सोडू नका, गावातल्या जुन्या माणसांना आत्ताच भेटून लिहून घ्यायला लागा.