खळ, ओल आणि बुरशी

प्रश्न : आजेसासूबाईंची तीन सुती लुगडी आणि एक पैठणी मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, डांबरगोळ्यांसह लोखंडी ट्रंकेत ठेवली होती. आमचे बिऱ्हाड वाड्याच्या तळमजल्यावर आहे. गणपतीत ट्रंक उघडली, तेव्हा लुगड्यांवर काळे ठिपके पडलेले दिसले आणि कुबट वास आला. पैठणी मात्र चांगली आहे. डांबरगोळ्या असूनही असे का व्हावे?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशी रोखण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सुती धागा जवळजवळ सगळा सेल्युलोजचा असतो आणि बुरशी आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) त्याची साखर करून ती शोषून घेते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू असेच कुजले. त्यांवर सापडलेली ट्रायकोडर्मा ही बुरशी आज उद्योगधंद्यांत सेल्युलोज विरघळवणारी विकरे मिळवण्यासाठी मुद्दाम वाढवली जाते, यावरून तिची ताकद लक्षात यावी. आपल्या लुगड्यांच्या बाबतीत तर खळीने तिला आयते अन्न पुरवले, कारण खळीतले पिष्ट (स्टार्च) हे सेल्युलोजपेक्षा कितीतरी सहज पचते. पैठणीचे रेशीम प्रथिनांचे असते आणि ते बुरशीला इतक्या लवकर दाद देत नाही. तरीही तिच्यावर खळ किंवा अन्नाचा डाग असता, तर ती वाचलीच असती असे नाही.

मात्र अन्न असले तरी ओलीवाचून बुरशी वाढत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तिला फावते, आणि पुण्यात आषाढ-श्रावणाच्या रिपरिपीत, त्यातही वाड्याच्या तळमजल्यावर, ती त्याहून पुष्कळ वर असते. प्लॅस्टिकने कापडातली ओल आतच कोंडली, हे मला यातले सर्वांत मोठे कारण वाटते.

आता लुगडी नाकातोंडाला फडके बांधून घराबाहेर काढावीत, पूर्ण वाळू द्यावीत आणि मगच मऊ ब्रशने हलकेच झटकावीत. ओली असताना घासल्यास बुरशी धाग्यांत आणखी शिरते. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसून रंग जात नाही याची खात्री झाल्यावर ती सौम्य साबणाने धुऊन खळ पूर्ण काढून टाकावी. काळे ठिपके बहुधा पूर्ण जाणार नाहीत. त्यांच्यासाठी ब्लीच मुळीच वापरू नये, कारण आधीच झिजलेला धागा त्याने आणखी तुटतो. पैठणीला पाणीही लावू नये आणि तिला कडक ऊनही दाखवू नये. सावलीत, वाऱ्यावर पसरली तरी पुरे.

यापुढे ही वस्त्रे खळ न घालता, धुवट मलमलीत गुंडाळून, जमिनीपासून उंचावर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावीत. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल, तर तो पूर्ण वाळलेला असावा, नाहीतर तोच ओल घेऊन येतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत ट्रंक वारंवार उघडू नये. आश्विनात हवा कोरडी झाली की सर्व वस्त्रे बाहेर काढून वारा द्यावा आणि परत ठेवताना घड्या बदलाव्यात, म्हणजे एकाच रेषेवर धागा विरणार नाही.