वॅट जुळले, कोड नाही. मग भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न: मत्स्यटाकीसाठी 250 वॅटचा मेटल हॅलाइड बल्ब आणि 250 वॅटचा बॅलास्ट (बल्बला जाणारा प्रवाह आवरणारं उपकरण) एकाच विक्रेत्याकडून, एकाच बिलावर घेतला. ‘250 ला 250 चालतो,’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं होतं. चार महिन्यांत बल्ब फुटला, टाकीवरची काच तडकली, होल्डर करपला. विक्रेता म्हणतो, ‘बॅलास्ट चुकीचा आहे, हा गैरवापर, वॉरंटी नाही.’

उत्तर: तुमच्या फोटोंत बल्बवर ‘एम 58’ आणि बॅलास्टच्या लेबलवर ‘एम 80’ दिसतं. सगळं प्रकरण या दोन कोडांत आहे, कारण बल्ब आणि बॅलास्टचा कोड सारखाच असावा लागतो. एम 58 बल्बला सुमारे 2.1 अँपिअर लागतात, तर एम 80 बॅलास्ट सुमारे 3 अँपिअरच्या बल्बसाठी बनवलेला असतो. जादा प्रवाहाने आतली नळी प्रमाणाबाहेर तापते, आयुष्य घटतं, फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय एम 80 चा इग्नायटर, म्हणजे बल्ब पेटवून देणारा भाग, सुरुवातीला काही हजार व्होल्टचा झटका देतो. तो न सोसणारा होल्डर आतून करपतो.

म्हणजे बॅलास्ट चुकीचा, हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे. पण ही जोडी त्यानेच लावून दिली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 87 मध्ये गैरवापराचा बचाव आहे. विकणाऱ्याने दिलेलीच जोडी वापरणं मात्र गैरवापर ठरवणं अवघड आहे. उलट कलम 86 नुसार निर्मात्याच्या सूचना ग्राहकापर्यंत न पोचवणारा विक्रेता स्वतः जबाबदार धरला जातो. बॅलास्ट तुम्ही दुसरीकडून, नुसते वॅट सांगून आणला असता, तर दावा बराच लंगडा पडला असता.

बल्बचा खोका जपा. त्यावर ‘एम 58 बॅलास्टच वापरा’ असं छापलेलं असेल, तर निर्माता बहुधा सुटेल आणि विक्रेता अडकेल. फुटलेले तुकडे, बल्बचं टोपण, करपलेला होल्डर आहे तसा डब्यात बंद करून ठेवा. ‘तपासून देतो’ म्हणाला तरी बॅलास्ट विक्रेत्याच्या हाती देऊ नका. याच कायद्याच्या कलम 38 खाली ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तूच उरली नाही तर काय पाठवणार? ‘250 ला 250 चालतो’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश मागच्यापुढच्या संभाषणासह काढून ठेवा. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत बल्ब फुटल्यापासून दोन वर्षं. बल्ब-बॅलास्टची किंमत सदोष माल म्हणून मागा, काच आणि होल्डरचं नुकसान उत्पादन दायित्वाखाली (सदोष वस्तूमुळे झालेल्या इतर हानीची जबाबदारी) वेगळं दाखवा. त्या दायित्वात खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत, त्यामुळे एकच ढोबळ आकडा टाकलात तर त्यातला काही भाग हकनाक नाकारला जाईल.

आणि त्याच बॅलास्टवर दुसरा एम 58 बल्ब चढवू नका. चूक कळल्यावर तसं केलंत, तर तो मात्र तुमचा गैरवापर ठरेल.