बुद्धी, पदवी आणि पत्रिकेतला मंगळ

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एम.डी. झालेला तुझा दादा मंगळावरून स्थळ नाकारायला निघाला, तेव्हा तू त्याला सगळ्यांदेखत ‘शिकलेला अडाणी’ म्हणालीस आणि श्रद्धाळू माणसांची बुद्धी बेताची असते, हे संशोधन त्याच्या तोंडावर मारलेस. मंगळाबद्दल तुझे बरोबर आहे. संशोधनाबद्दल तू घाई केलीस.

ते संशोधन खोटे नाही. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ झुकरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बुद्धिमापन चाचणीतले गुण आणि धार्मिकता यांच्यात सुमारे उणे ०.२४ इतका सहसंबंध आढळला, म्हणजे एक वाढले की दुसरे थोडे कमी होण्याकडे कल. एकावरून दुसऱ्यातला किती फरक उलगडतो, हे पाहायला आता या आकड्याचा वर्ग कर. जेमतेम ६ टक्के येतात. म्हणजे माणसामाणसांच्या धार्मिकतेत जो फरक दिसतो, त्यातला उरलेला ९४ टक्के भाग बुद्ध्यंकावरून उलगडत नाही. त्यातून हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकी लोकांवर झालेले. आपल्याकडे प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे ३०,००० प्रौढांना विचारले, तेव्हा ९७ टक्क्यांनी आपण देव मानतो असे सांगितले. जिथे जवळजवळ सगळेच मानतात, तिथे पदवी हा शहाण्या-खुळ्यांना वेगळे करणारा चाळणा कसा ठरणार? मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी असलेले न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजात उपासनेला बसत. ‘सुधारक’कार आगरकर देवाबद्दल अज्ञेयवादी होते. तरी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोघे एकाच, म्हणजे कायद्याच्या बाजूला उभे राहिले.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तुला वाटते तितका मी पहिल्यापासून शहाणा नव्हतो. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली तो दिवस. बी.एस्सी.च्या वर्गाला पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा का वागतो ते, शिकवणारा मी गिरगावात आमच्या चाळीजवळच्या देवळात रांगेत उभा होतो. चमचा सोंडेला टेकवला, दूध हळूहळू उतरले आणि माझ्या अंगावर चक्क काटा आला. घरी आल्यावर मात्र राहवेना. देव्हाऱ्यातली मूर्ती ताटात घेतली, दुधात चिमूटभर कुंकू कालवले आणि चमचा टेकवला. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पायाशी लाल ओघळ सरळ दिसला. पांढऱ्या मूर्तीवरचा पांढरा पातळ थर देवळातल्या अंधारात कोणालाच दिसत नव्हता, इतकेच. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले. ती म्हणाली, “प्रयोग झाला असेल तर मूर्ती नीट धुऊन जागेवर ठेव, दिवेलागण झाली.”

तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढे ध्यानात आले, की तिची भक्ती त्या चमचाभर दुधावर उभीच नव्हती, त्यामुळे ओघळ दिसल्याने तिचे काही ढासळले नाही. अडचण होती ती माझ्यासारख्याची, ज्याला शास्त्र वर्गापुरते पाठ होते.

मंगळाचे तसे नाही. तो सांजवातीसारखा आपल्यापुरता राहत नाही. तो एका परक्या मुलीच्या आयुष्याबद्दल ठाम विधान करतो, म्हणून ते तपासलेच पाहिजे. कुंडलीची घरे १२. पैकी १, ४, ७, ८ आणि १२ या ५ घरांत मंगळ असला की दोष. ढोबळ मानाने १२ पैकी ५ माणसे, म्हणजे सुमारे ४२ टक्के लोक मंगळाचे ठरतात! लोकलच्या एका बाकावर तिघे बसले, तर त्यातला एखादा बहुधा सापडायचाच. असे हिशोब अंगाशी आले, की स्वराशीचा मंगळ, गुरूची दृष्टी, अठ्ठाविशीनंतर दोष जातो, असे अपवाद निघतात. शिक्षण नेमके इथे कामाला येते, पण उलट्या बाजूने: अडाणी माणूस ‘आमच्यात असेच असते’ म्हणून गप्प बसेल, तुझा दादा मात्र गुरुत्वाकर्षणापासून हार्मोनपर्यंत दहा कारणे रचून दाखवील. हुशार माणसाला स्वतःची समजूत घालण्याची हत्यारेही चांगली मिळतात. म्हणून त्याच्या बुद्धीशी भांडू नकोस. त्याला एवढेच विचार, की काय दिसले तर तू हे मत सोडशील? नव्या औषधाबद्दल तो हा प्रश्न रोज विचारत असणार.

घरच्या आरतीवर बहिष्कार घालण्याचा तुझा विचार मला पटत नाही. झांजा वाजवल्याने कोणाची पत्रिका खरी ठरत नाही. ‘अडाणी’ म्हटल्याबद्दल दादाची माफी माग, तीही सगळ्यांदेखत. स्थळाचा विषय मात्र सोडू नकोस. नकार कळवायचाच असेल, तर तो फोन आईने करायचा नाही. मंगळाचे कारण त्या मुलीला त्याने स्वतः, आपल्या तोंडाने सांगावे.

तुझे,
सर