औषधाच्या चिठ्ठीतला आकडा बदलला, आता पोलिसांची नोटीस आली आहे

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची असून पतसंस्थेत नोकरी करते. आई गेल्यापासून झोप लागेना, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी अल्प्राझोलामच्या १० गोळ्या लिहून दिल्या. पुन्हा त्यांच्याकडे जाण्याचा धीर झाला नाही. चिठ्ठीवर मी १० चे ४० केले. एका दुकानात गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दुकानदाराने मात्र डॉक्टरांना फोन केला आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला. सोमवारी पोलीस ठाण्यात बोलावले आहे. यजमानांना काहीच ठाऊक नाही. डॉक्टरांचे पाय धरले, तर ते तक्रार मागे घेतील का?

उत्तर : तुमची माफी मागण्याची इच्छा मनापासूनची आहे, याबद्दल मला शंका नाही, तरीही आज डॉक्टरांकडे किंवा त्या दुकानात जाऊ नका, कारण आता ते दोघेही या प्रकरणातले साक्षीदार आहेत आणि तुमच्या भेटीचा अर्थ साक्षीदारांवर दबाव आणला असा लावला जाऊ शकतो. शिवाय बनावट दस्तऐवजाचा गुन्हा तक्रारदाराच्या म्हणण्यावर परस्पर मिटत नाही. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याची वेळ वकिलांनी ठरवायची असते.

म्हणून सोमवारच्या आधी फौजदारी वकील गाठा. फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशीही करता येते. एफआयआरमध्ये कोणती कलमे लावली आहेत, हे वकिलांना पाहू द्या. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही गोळी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही असल्याने ते कलम लागले आहे का, हे आधी तपासायला हवे, कारण जामिनाचा विचार त्यावर अवलंबून राहील. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे हजर राहण्याची असेल, तर ठरल्या वेळी हजर राहणे हेच तुमचे मोठे संरक्षण आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे.

जबाबात काय सांगायचे, हे वकिलांशी बोलून ठरवा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, म्हणून गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. खोटे रचून सांगण्याच्या मोहात मात्र पडू नका. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतले औषध आहे. अशा औषधाची विक्री करताना दुकानदाराला डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. पहिल्या दुकानातल्या ४० गोळ्यांची नोंद त्या वहीत असणारच. घरातली चिठ्ठी किंवा मोबाइलमधले फोटो नष्टही करू नका, त्यातून नवा गुन्हा उभा राहील.

वकिलांइतकीच घाई मला दुसऱ्या एका गोष्टीची वाटते, जिच्याविषयी तुम्ही विचारलेच नाही. पोलिसांच्या धसक्याने किंवा पश्चात्तापाने त्या गोळ्या एकदम बंद करू नका. रोज घेतलेली अल्प्राझोलाम अचानक थांबवली, तर हात थरथरतात, झोप पार उडते, काहींना झटकेही येतात. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना खरोखर किती गोळ्या घेता ते सांगा आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. रात्री फारच घालमेल झाली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येते. आईच्या दुःखावर तुम्ही उपचार घेत होता, हे कागदोपत्री असणे पुढे न्यायालयातही उपयोगी पडू शकते.

यजमानांना आजच सांगा. ही बातमी त्यांना पोलिसांकडून कळू नये. चिठ्ठीत मी खाडाखोड केली, गुन्हा दाखल झाला आहे, सोमवारी जायचे आहे आणि गोळ्यांशिवाय मला झोप येत नाही, एवढेच स्पष्ट बोला. ते रागावतील, कदाचित त्या रात्री बोलणारही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना वकिलांकडे सोबत न्या, आणि उरलेल्या गोळ्या त्यांच्या ताब्यात देऊन डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा रोज त्यांच्याकडून घ्या.