ऑस्कर माशाने चावलेलं अरोवाना माशाचं पिल्लू वाचेल का? दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकू का?

वाचायला हरकत नाही. चार इंची सिल्व्हर अरोवाना, एक मिशी अर्धी तुटलेली, शेपटी फाटलेली, पाच-सहा खवले गेलेले, पण वर तरंगतोय आणि खायला तोंड उघडतोय, असं तुम्ही लिहिलंय. खातोय म्हणजे निम्मी काळजी मिटली. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, सध्या बाटलीतच राहू द्या. ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं, मग माशाच्या घाणीतून येणारा अमोनिया पाण्यात वाढतो आणि उघड्या जखमेला तोच जास्त बाधतो.

आधी त्याला ऑस्करांपासून वेगळं करा. टाकीत मधे पार्टिशन घालून भागवू नका, पलीकडून ऑस्कर दिसत राहिला तरी हे पिल्लू घाबरून काचेवर आपटतं. जाळीने पकडू नका, उरलेले खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. टब पाण्यात बुडवून त्याला पाण्यासकट उचला. नवीन टाकीत जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज फिल्टरच लावा, कोरा नको. तीन बाजूंना कागद चिकटवा, लाइट बंद ठेवा आणि झाकणावर वजन ठेवा. झाकणाचं गमतीत घेऊ नका. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा फांदीवरचे किडे उडी मारून पकडतो, तुमच्या हॉलमध्येही तो तेच करणार.

आता पाणी. रोज वीस-पंचवीस टक्के बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि हायपो घालून क्लोरीन घालवलेलं हवं. जाडं मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत चाळीस ग्रॅम. वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं घाला. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ घाला. रोज पूर्ण टाकीच्या हिशोबाने घालत गेलात तर मासा खारवला जाईल. देशी बदामाची एक-दोन वाळलेली पानंही टाका, मात्र फवारणी झालेल्या किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडाची नकोत. पाणी चहासारखं होईल, त्याने बिघडत काही नाही.

तापमान २८ च्या आसपास ठेवा. जखम लवकर भरावी म्हणून बरेच जण हीटर ३२ वर नेतात. मला ते पटत नाही. कापसासारखा पांढरा थर धरणारा एक जिवाणूजन्य रोग कोमट पाण्यात झपाट्याने पसरतो.

खायला सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या, थोडे थोडे, आणि उरलेलं लगेच काढा. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) आणि बाजारातले फीडर मासे, म्हणजे खाद्य म्हणून विकले जाणारे छोटे मासे, सध्या बंद, त्यांच्यासोबत रोग येतात.

मिशीच्या बुडाचा कोंब शाबूत असेल तर ती परत येते, कधी जराशी वाकडी किंवा आखूड. बुडापासून उपटली असेल तर सहसा येत नाही, पण त्याने माशाचं काही अडत नाही. खवले येतात. शेपटीच्या फाटलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसू लागली की नवी वाढ सुरू झाली समजा. तीच कड लाल होऊन रोज मागे सरकत असेल, जखमेवर पांढरा किंवा पिवळसर थर पसरत असेल, किंवा त्याने खाणं सोडलं, तर मात्र वाट पाहू नका. फोटो काढून माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा आणि जिवाणूंवरचं औषध त्यांच्याकडूनच घ्या.

बरा झाल्यावर ऑस्करांत परत सोडायचा विचार असेल तर सोडून द्या. तुमची टाकी दोन फुटांची आहे. हा मासा नीट वाढला तर स्वतःच दोन-अडीच फुटांचा होतो, आणि तेही फार वर्षं न लावता. मोठ्या टाकीची सोय होणार नसेल तर, जखमा भरल्या की ज्याच्याकडे तशी टाकी आहे अशा कुणाला तरी तो देऊन टाका.